वाचकांचे प्रश्न : चार घोड्यांपैकी दोन विकायचे, ते कोणते?

प्रश्न : माझ्याकडे चार घोडे आहेत : २२ वर्षांची एक घोडी, तिचीच ९ वर्षांची लेक, १४ वर्षांचा खच्ची घोडा आणि अजून पाठीवर खोगीर न चढलेला ३ वर्षांचा एक तरुण घोडा. गेल्या वर्षी माझ्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि हलक्या रपेटीपलीकडे काही करू नये, असे डॉक्टरांनी बजावले आहे. तबेल्यातील निम्मे काम पाहणारा माझा भाऊही नोकरीसाठी दूर गेला. आता दोनच घोडे सांभाळणे मला शक्य आहे. म्हाताऱ्या घोडीला पिट्युटरी ग्रंथीचा आजार असून तिला रोज गोळी द्यावी लागते. खच्ची घोड्याला पुढच्या दोन्ही खुरांचे जुने दुखणे आहे. त्याला नॅव्हिक्युलरचा, म्हणजे खुराच्या आत टाचेकडे असलेल्या लहान हाडाचा त्रास असल्याचे पशुवैद्यांनी सांगितले आहे. वेगळ्या पद्धतीचे नाल मारल्यामुळे तो पावली नीट चालतो, थोडी दुडकीही करतो, पण भरधाव पळवता येत नाही. नऊ वर्षांची घोडी आमच्याच तबेल्यात जन्मली. ती सर्वांत गुणी आणि माझी सर्वांत लाडकी. घरचे म्हणतात, म्हातारी आणि लंगडा विकून टाक, चांगले दोन ठेव. माझे मन त्याला तयार होत नाही. काय करावे?

उत्तर : घरच्यांच्या सल्ल्यामागची काळजी खरी आहे, कारण खर्च आणि कष्ट तुम्हालाच करायचे आहेत, तरीही त्यांनी सुचवलेली निवड नेमकी उलटी आहे, असे मला वाटते. विकण्याचा निर्णय घेताना ‘मला कोणता हवा’ हा प्रश्न आधी मनात येतो आणि त्याचे उत्तर अर्थातच ‘चांगला घोडा हवा’ असे येते. त्याआधी विचारायचा प्रश्न हा आहे की, या चौघांपैकी कोण दुसऱ्याच्या हाती गेल्यावरही सुखात राहण्याची शक्यता अधिक आहे. घोडा २५ ते ३० वर्षे सहज जगतो आणि विकल्यानंतरच्या त्याच्या आयुष्यावर तुमचा काहीही अधिकार उरत नाही. म्हणून ज्याला गिऱ्हाईक त्याच्या गुणांसाठी घेईल तोच विकावा, आणि ज्याला केवळ स्वस्त मिळतो म्हणून घेतील तो शक्यतो आपल्याकडेच ठेवावा.

या कसोटीवर म्हातारी घोडी विकण्याचा प्रश्नच मिटतो. तिचा आजार उतारवयातील घोड्यांत पुष्कळ आढळतो. अंगावर लांब, दाट केस राहतात आणि ऋतू बदलला तरी झडत नाहीत, पाणी पिणे व लघवी वाढते, पाठीवरचे मांस उतरते. यातील सर्वांत मोठा धोका म्हणजे खुरांच्या आतील पापुद्र्यांचा दाह, अर्थात लॅमिनायटिस. रोजच्या पर्गोलाइडच्या गोळीने तो धोका कमी होतो, परंतु ती आयुष्यभर न चुकता द्यावी लागते. अनोळखी माणूस ती देईलच, याची हमी कोण घेणार? जी घोडी काम करू शकत नाही, जिचा औषधाचा खर्च वाढतच जाणार आहे, तिला पैसे मोजून नेणाऱ्या माणसाला एक तर आजाराची पुरती कल्पना नसते, नाही तर त्याचा हेतू सांभाळण्याचा नसतो. असे घोडे हातोहात विकले जातात आणि प्रत्येक सौद्यात त्यांची किंमत व देखभाल दोन्ही घटतात. स्पष्टच लिहितो : उद्या तिला सांभाळणे तुम्हाला अगदीच अशक्य झाले, किंवा तिच्या वेदना औषधाने आटोक्यात येईनाशा झाल्या, तर पशुवैद्यांच्या हातून तिचा शांतपणे शेवट करणे हे तिला बाजारात उभे करण्यापेक्षा दयेचे आहे. आज ती वेळ आलेली नाही, एवढेच तुमच्या पत्रावरून दिसते.

तीन वर्षांच्या घोड्याचा निर्णय सर्वांत सोपा आहे : त्याला विकावे, आणि लवकर विकावे. या वयात घोड्याचे दुधाचे दात पडून कायमचे येत असतात, हे काम साधारण पाच वर्षांपर्यंत चालते. पाठीच्या मणक्यांची वाढ तर त्याच्याही पुढे चालू राहते. त्यामुळे त्याला थोडे थोडे, हलके, पण नियमित शिकवणारा माणूस लागतो. दुखऱ्या गुडघ्याने तरुण घोड्याशी झटापट करणे धोक्याचे आहे आणि न शिकवता तसाच उभा ठेवला, तर सहा-सात वर्षांचा अडाणी, ताकदवान घोडा हाती राहील, ज्याला चांगले गिऱ्हाईक मिळणे फार कठीण. किंमत वाढावी म्हणून घाईने स्वार चढवू नका. कुणाची तरी मदत घेऊन त्याला दोरीने शांतपणे चालायला, बांधल्यावर उभे राहायला, चारही पाय उचलू द्यायला आणि वाहनात न बुजता चढायला शिकवले, तरी त्याचे मोल जाणकाराच्या लेखी पुष्कळ वाढते. गिऱ्हाईकही तसेच शोधा : ज्याने याआधी तरुण घोडे घडवले आहेत असा. मुलांना पहिला घोडा घेऊन देऊ पाहणाऱ्या पालकांना हा घोडा देऊ नये, त्यांनी कितीही आग्रह केला तरी.

आता उरले दोघे, आणि खरा पेच इथेच आहे. खच्ची घोडा विकायचा झाला, तर त्याचे दुखणे सांगूनच विकावे लागेल, आणि सांगितल्यावर तो घेणारे थोडे. न सांगता विकणारेही असतात : फिनिलब्युटाझोनसारखे वेदनाशामक दिले, की पाहणीच्या दिवशी लंगडणे झाकले जाते, पुढे नवा मालक त्याला कठीण जमिनीवर पळवतो आणि घोडा कायमचा अधू होतो. तुम्ही तसे करणार नाही, हे तुमच्या पत्रातूनच कळते. पण पुढच्या मालकाने तो तिसऱ्याला विकताना काय सांगावे, हे तुमच्या हाती नाही.

याच घोड्याकडे तुमच्या बाजूने पाहा. तुम्हाला भरधाव जायचे नाही, तोही जाऊ शकत नाही. तुम्हाला सपाट, मऊ वाटेने पावली फिरायचे आहे, आणि पशुवैद्यांची हरकत नसेल तर एवढे काम त्याच्या खुरांना झेपणारे आहे. पूर्ण बसून राहण्यापेक्षा ते हिताचेही ठरते. त्याची आजची स्थिती स्वतः तपासा. कुणाला तरी त्याला कठीण, सपाट जमिनीवर तुमच्यापासून दूर सरळ दुडकीने न्यायला सांगा, परत आणायला सांगा, मग दोन्ही बाजूंना लहान वर्तुळात फिरवायला सांगा. डोक्याकडे लक्ष ठेवा : पुढचा दुखरा पाय जमिनीवर टेकला की डोके वर जाते आणि चांगला पाय टेकला की खाली येते. दोन्ही खूर सारखेच दुखत असतील तर डोके फारसे हलणार नाही, पण पावले आखूड पडतील आणि खुराची टाच टेकण्याऐवजी टोक आधी टेकेल. सरळ जाताना ठीक आणि वळताना आखडतो, असे दिसले तर रपेटीत तीव्र वळणे टाळा. नालबंदाची फेरी सहा ते आठ आठवड्यांपलीकडे लांबू देऊ नका, कारण खुराचे टोक वाढले की खुराच्या टाचेकडच्या भागावरचा ताण वाढतो आणि महिन्यांची मेहनत वाया जाते.

याचा अर्थ असा, की लाडकी घोडी विकावी असे माझे मत आहे. हे वाचताना तुम्हाला त्रास होईल, याची मला पूर्ण जाणीव आहे, आणि हा सल्ला मी हलक्या मनाने देत नाही. परंतु नऊ वर्षांची, निरोगी, शिकलेली, स्वभावाने शांत घोडी हीच अशी एक आहे की, जिच्यासाठी चार जण येतील आणि त्यांतून कोणाला द्यायची हे तुम्ही ठरवू शकाल. तिच्या पुढे कामाची बरीच वर्षे आहेत. तुमच्याकडे राहिली तर आठवड्यातून दोन-तीनदा पावली फिरणे एवढेच तिच्या वाट्याला येईल. अंगावर चरबी चढेल, जोर साठेल, आणि साठलेला जोर एखाद्या दिवशी उसळला तर तो तुमच्या गुडघ्याला परवडणारा नाही.

ती दुसऱ्याकडे नांदेल का, हे विकण्याआधी पाहता येते. बेताचा सराव असलेल्या, तिला अनोळखी अशा स्वाराला बोलवा. खोगीर त्यालाच चढवू द्या, तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) त्यालाच आवळू द्या, तुम्ही तोंडाशी उभे राहू नका. तंग आवळताना ती कान मागे टाकते का, स्वार रिकिबीत पाय घालत असताना स्थिर उभी राहते का, इतर घोडे नजरेआड झाल्यावर खिंकाळत परत फिरू पाहते का, हे दुरून पाहा. आजवर ती तुमच्या आवाजावर चालत होती की खरोखर शिकलेली आहे, हे तेवढ्या वेळात कळेल. काही उणे दिसले, तर ते दुरुस्त करण्यासाठी थोडे महिने द्या आणि मग विका.

मात्र एक गोष्ट ठरवण्यापूर्वी तपासलीच पाहिजे : म्हातारी आणि खच्ची घोडा यांचे आपापसांत जमते का? ते एकमेकांची मान दातांनी खाजवतात का, जवळ उभे राहून डुलकी घेतात का, की एक जण दुसऱ्याला वैरणीवरून हाकलून देतो? दोघांना काही दिवस इतरांपासून वेगळे ठेवून पाहा. लेक गेल्यावर म्हातारी काही काळ अस्वस्थ होईल, पण सोबतीला ओळखीचा घोडा असेल तर बहुधा सावरेल. घोडा कळपात राहणारा प्राणी आहे. एकटा पडला की पुष्कळदा जागच्या जागी झुलू लागतो, लाकूड दातांत धरून हवा ओढू लागतो. म्हणून म्हातारी जाईल त्या दिवशी खच्ची घोड्याची सोबत कोण करणार, याचा विचारही आजच करून ठेवा. दुसऱ्या कुणाचा घोडा आपल्या तबेल्यात ठेवून घेणे, किंवा याला ओळखीच्या कळपात नेऊन ठेवणे, हे दोन मार्ग मला दिसतात.

खर्चाबाबत एवढेच, की घोडे निम्मे झाले म्हणून खर्च निम्मा होतोच असे नाही. ४५० किलो वजनाच्या घोड्याला वजनाच्या सुमारे दोन टक्के, म्हणजे दिवसाला ९ किलोच्या आसपास कोरडा चारा लागतो. तो तरण्यालाही लागतो आणि म्हाताऱ्यालाही. त्यात तुम्ही ठेवणार ते दोघे औषध आणि नाल यांवर अधिक खर्च करायला लावणारे आहेत. म्हणून लेकीच्या विक्रीतून येणारी रक्कम घरखर्चात मिसळू न देता या दोघांच्या उपचारांसाठी बाजूला ठेवावी, असे मी सुचवेन.

प्रश्न : विकण्याऐवजी काही वर्षांसाठी घोडा दुसऱ्याला वापरायला दिला तर? मालकी आपलीच राहील आणि मनालाही कमी लागेल. (दुसऱ्या एका वाचकाचा प्रश्न)

उत्तर : घोडा निरोगी असेल, घेणारा ओळखीचा असेल आणि तो मधूनमधून जाऊन पाहता येत असेल, तर हा मार्ग चांगला आहे. नालबंद, दात घासणे, लसी आणि अचानक उद्भवलेला पोटशूळ यांचा खर्च कोणी करायचा, घोड्यावर कोण बसू शकेल आणि कोणत्या कामाला तो लावायचा नाही, हे लेखी असावे. पण असा घोडा कधीही परत येऊ शकतो, आणि बहुतेकदा तो आजारी पडल्यावर किंवा म्हातारा झाल्यावरच परत येतो. त्या वेळी त्याला ठेवायला तुमच्याकडे जागा आणि पैसा नसणार, हे आजच माहीत असेल तर तो वापरायला देऊ नका. तरणा आणि धडधाकट आहे तोवर योग्य माणसाला विका, आणि त्याला पुढे कधी विकायचा झाल्यास आधी तुम्हाला विचारावे, एवढी अट करारात लिहून घ्या.