जुन्या छोट्या गाडीचे दिवे सारखे बिघडतात, पूर्ण वायरिंग बदलावं का?

वायरिंगला हात लावायच्या आधी अर्थिंग बघा, म्हणजे दिव्यातला करंट गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परत जातो ती जोडणी. तिलाच आम्ही 'अर्थ' म्हणतो. ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो, हेडलाइट पिवळट पडतात, नवी बॅटरी टाकूनही फरक नाही, असं तुम्ही लिहिलंय. सोळा वर्षांच्या गाडीत बहुतेक वेळा हा गंजलेल्या अर्थचाच प्रताप असतो. दिव्याची काळी वायर जिथं पत्र्याला आवळलेली असते तिथं गंज चढला की करंट शेजारच्या बल्बमधून वाट काढतो.

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागांच्या मोटारी दुरुस्त करण्यात माझी बावीस वर्षं गेली. तरी स्वतःच्या गाडीच्या वेळी मी दाजींचं ऐकलं. "वायरिंग सडलंय, सगळं नवीन टाक, नाहीतर गाडी भंगारात घाल." त्यांच्याच ओळखीच्या माणसानं १४ हजार घेऊन वायरिंग बदललं. उजेड वाढेना, तेव्हा त्यानं ६०/५५ वॅटचे बल्ब काढून १००/९० चे बसवले. तेही रिले न टाकता, म्हणजे दिव्यांचा जड करंट स्विचवर न येऊ देणारी डबी न बसवता.

कोजागिरीला तीन दिवस होते. आई आणि ताईला घेऊन रात्री तुळजापूरहून परत येत होतो. कर्नाटकातून पायी निघालेले भाविक समोरून येत होते, कुणाच्या खांद्यावर झोपलेली लेकरं. तामलवाडीजवळ दोन्ही हेडलाइट एकदम गेले. समोर माणसं आहेत हे माहीत आहे, पण दिसत कुणीच नाही. गाडी कडेला लागेपर्यंत एका म्हातारीची काठी आरशाला घासून गेली. तो आवाज मला आजही ऐकू येतो.

स्विचमागचा कनेक्टर वितळला होता. ५५ वॅटचा बल्ब साधारण साडेचार अँपिअर ओढतो, ९० चा साडेसात, आणि असे दोन. स्विचनं किती सोसायचं?

दुसऱ्या दिवशी जुने बल्ब परत लावले, लाइट चालू ठेवून बॅटरीच्या निगेटिव्हपासून दिव्याच्या काळ्या वायरीपर्यंत मीटर लावला. १.८ व्होल्ट! ०.२ च्या आत हवे होते. व्होल्टेज दहा टक्के पडलं तरी हॅलोजनचा उजेड जवळजवळ तीस टक्के घटतो. बोल्ट सोडवला तर नवी कोरी वायर त्याच गंजक्या पत्र्यावर आवळलेली. पॉलिश पेपरनं पत्रा पांढरा होईपर्यंत घासला, वायरीच्या टोकाला नवं थिंबल (बोल्टखाली बसणारी धातूची कडी) दाबलं, वरून ग्रीस लावलं, रिले टाकली. पाच वर्षं झाली, दिव्यांची तक्रार नाही.

हां, फ्यूज वारंवार उडत असेल तर तो अर्थचा दोष नाही, कुठंतरी शॉर्ट आहे. मोठा फ्यूज घालू नका, गाडी पेटेल. उंदरांनी वायर कुरतडली असेल किंवा वरचं प्लास्टिक हाताला तुटत असेल तर तेवढा तुकडा बदलावाच लागेल. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळत नसतील तर आधी बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर दाखवा. आणि वायरिंगवाल्याला पैसे द्यायच्या आधी अर्थचा बोल्ट तुमच्यासमोर सोडवायला लावा.

दाजी अजून म्हणतात, "नवं वायरिंग टाकलं म्हणूनच तुझी गाडी चालतीय." काढलेलं जुनं वायरिंग मी पोत्यात जपून ठेवलं होतं. दिवाळीत ते आले तेव्हा त्यांच्यासमोर चार ठिकाणी सोलून दाखवलं. आत तांबं लख्ख होतं.