विजयदुर्गावर हेलियमचा शोध लागला, हे खरं आहे का?

नाही. पण एवढ्यावर थांबलो तर उत्तरातली सगळी गंमत निघून जाईल.

तुम्ही म्हणताय तो मेसेज दर ऑगस्टमध्ये मलाही येतो. १८ ऑगस्ट १८६८ रोजी नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने विजयदुर्ग किल्ल्यावरून खग्रास सूर्यग्रहण पाहिलं आणि हेलियम शोधला, अशा अर्थाचा. सोबत किल्ल्यावरच्या 'साहेबाच्या ओट्यां'चा फोटो. यातली तारीख खरी, ग्रहण खरं, माणूसही खरा. फक्त तो माणूस त्या दिवशी इंग्लंडमध्ये होता.

ग्रहणाची सावली एडनकडून अरबी समुद्र ओलांडून दक्षिण कोकणाच्या आसपास किनाऱ्याला लागली आणि विजापूर, गुंटूर, मच्छलीपट्टणम अशी बंगालच्या उपसागरात उतरली. त्यामुळे कोकणातून कुणा साहेबानं ते पाहिलं असेल, तर नवल नाही. पण तारीख पुन्हा बघा, १८ ऑगस्ट. ऐन पावसाळ्यात कोकणचं आकाश मोकळं मिळेल या भरवशावर लंडनहून दुर्बीण कोण आणेल? शहाणी मंडळी घाट ओलांडून पूर्वेला गेली. रॉयल सोसायटीतर्फे आलेला लेफ्टनंट जॉन हर्शेल (युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेलचा नातू) पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात थांबला होता, आणि तिथेही ढगांनी त्याला चांगलंच छळलं. मद्रास वेधशाळेचा नॉर्मन पॉगसन मच्छलीपट्टणमला होता. त्याच वेधशाळेतले रघुनाथाचारी वनपर्तीला गेले होते. गुंटूरला मेजर टेनंटची इंग्रज तुकडी होती, आणि एका फ्रेंच व्यापाऱ्याच्या घरी मुक्काम ठोकलेला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ पिएर जान्सेनही होता.

एवढी धावपळ कशासाठी? खग्रास ग्रहणात चंद्राच्या काळ्या कडेबाहेर लालसर ज्वाळा डोकावतात. त्या सूर्याच्याच आहेत हे १८६० च्या ग्रहणातल्या फोटोंवरून ठरलं होतं, पण त्या कशाच्या बनल्या आहेत हे कळायचं होतं. दरम्यान बुन्सेन आणि किर्खहोफ या जर्मन शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं होतं की प्रत्येक मूलद्रव्य वर्णपटात, म्हणजे प्रकाशाच्या सुट्या केलेल्या रंगांच्या पट्ट्यात, स्वतःच्या ठरावीक रेषा उमटवतं. म्हणजे ज्वाळेचा प्रकाश स्पेक्ट्रोस्कोप या रंग सुटे करणाऱ्या उपकरणातून पाहिला की तिच्यात काय आहे ते समजणार. त्यात हे ग्रहण भलतंच लांब होतं, गुंटूरला खग्रास अवस्था पाच मिनिटांहून जास्त टिकली.

जान्सेनला चकचकीत रेषा दिसल्या. ज्वाळा म्हणजे तापलेला वायू, मुख्यतः हायड्रोजन, हे नक्की झालं. पण त्याच्या डोक्यात वेगळंच चक्र सुरू झालं: रेषा इतक्या ठळक असतील तर ग्रहणाची वाट कशाला पाहायची? त्या दुपारी ढग आले. दुसऱ्या दिवशी सकाळी, सूर्य नेहमीसारखा तळपत असताना, त्यानं स्पेक्ट्रोस्कोपची फट सूर्याच्या कडेवर धरली आणि त्याच रेषा पुन्हा पाहिल्या! माझ्या मते गुंटूरचा खरा शोध हा आहे. हेलियमचं श्रेय जान्सेनला देणारे मेसेजही फिरतात, पण नवं मूलद्रव्य सापडल्याचा दावा त्यानं केला नव्हता.

मग हेलियम कुठे आला? त्या दिवशी अनेकांना एक पिवळी रेषाही दिसली होती. सोडियमच्या दोन पिवळ्या रेषा सगळ्यांच्या ओळखीच्या, त्यामुळे ही त्यांच्यापैकीच असं बहुतेकांनी धरलं. पॉगसननं मात्र ती सोडियमच्या जागी 'किंवा जवळपास' असल्याचं नोंदवलं. त्याचा अहवाल मद्रासकडेच छापला गेला आणि युरोपात त्याची कुणी फारशी दखल घेतली नाही. वसाहतीतल्या वेधशाळेच्या नशिबी हे यायचंच.

आता लॉकियर. हा युद्धखात्यात कारकुनी करणारा हौशी खगोलनिरीक्षक. ('नेचर' हे नियतकालिक पुढच्याच वर्षी यानंच सुरू केलं.) ग्रहणाशिवाय ज्वाळा पाहता येतील ही कल्पना त्याला आधीच सुचली होती, पण त्याचं उपकरण बनायला फार उशीर झाला. ते हाती आल्यावर २० ऑक्टोबर १८६८ रोजी त्यानं इंग्लंडमधूनच, ग्रहणबिहण काही नसताना, सूर्याच्या कडेवर ते रोखलं. पिवळी रेषा होतीच. आता मोजायला घाईही नव्हती. सोडियमच्या रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर येतात, ही ५८७.६ च्या आसपास निघाली. फरक बारीक, पण चुकून आलेला नाही. सूर्याच्या नेहमीच्या वर्णपटात या जागी सोडियमसारखी ठसठशीत काळी रेषा नसते, म्हणून तोवर तिच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं.

जान्सेननं आपल्या पद्धतीचं पत्र काकीनाड्याहून महिनाभरानं, सप्टेंबरात लिहिलं, आणि टपाल बोटीनं जायचं. परिणामी त्याचं पत्र आणि लॉकियरचं पत्र पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एकाच दिवशी, २६ ऑक्टोबरला, आलं. भांडणाला याहून चांगली संधी कुठली! पण दोघं भांडले नाहीत. १८७२ मध्ये फ्रेंच सरकारनं दोघांचे चेहरे शेजारी शेजारी कोरलेलं पदक काढलं.

त्या रेषेचं काय करावं हे मात्र कुणाला कळेना. रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड फ्रँकलंडच्या मदतीनं लॉकियरनं ती प्रयोगशाळेत हायड्रोजनमधून काढायचा प्रयत्न केला, जमलं नाही. हेलियम हे नाव १८७१ मध्ये विल्यम थॉमसनच्या, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्व्हिनच्या, एडिंबरामधल्या भाषणात जाहीरपणे आलं. पृथ्वीवर कुणी न पाहिलेलं मूलद्रव्य केवळ एका रेषेवरून मानायला बहुतेक रसायनशास्त्रज्ञ तयार नव्हते, आणि मला त्यात त्यांचा हट्ट दिसत नाही.

विजयदुर्गाशी लॉकियर कसा जोडला गेला, याबद्दल माझा एक अंदाज आहे, अंदाजच समजा. तो भारतात खरंच आला होता, पण १२ डिसेंबर १८७१ च्या ग्रहणासाठी. आणि त्यानं वेध घेतले ते बेकलच्या किल्ल्यावरून. बेकल आज केरळच्या कासरगोड जिल्ह्यात आहे, अरबी समुद्राला अगदी खेटून. ग्रहण लागल्यावर खाली लोकांनी गवत पेटवलं, धूर वर येऊ लागला आणि पोलिसांना धावत जाऊन आग विझवावी लागली. साहेब, किल्ला, समुद्र, ग्रहण हे सगळं जुळतंय. सांगता सांगता किल्ला किनाऱ्यानं उत्तरेला सरकायला कितीसा वेळ लागतो?

पृथ्वीवरचा हेलियम अखेर मार्च १८९५ मध्ये लंडनला रसायनशास्त्रज्ञ विल्यम रॅम्झीच्या हाती लागला, तोही दुसरंच काही शोधताना. त्याला अरगॉन हा वायू हवा होता. अमेरिकेत हिलब्रँड नावाच्या रसायनशास्त्रज्ञाला युरेनियमच्या खनिजातून एक निष्क्रिय वायू मिळाला होता आणि त्यानं तो नायट्रोजन समजून सोडून दिला होता, हे रॅम्झीला एका पत्रातून कळलं. त्यानं क्लीव्हाइट नावाचं तसंच युरेनियमचं खनिज आणून आम्लात उकळलं, आलेला वायू नळीत भरून वीज सोडली, आणि सोडियमच्या शेजारी पण सोडियमची नसलेली पिवळी रेषा दिसली. खातरजमेसाठी नळ्या वर्णपटांचा जाणकार विल्यम क्रूक्सकडे गेल्या, आणि लॉकियरकडेही. तो तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचा होता.