बॅलेचा टुटू पहिल्यापासून असा ताटासारखाच होता का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: मुलीच्या बॅलेच्या क्लासमध्ये घालतात तो कंबरेभोवती आडवा पसरलेला टुटू पहिल्यापासून असाच होता का, आणि तो घरी शिवता येईल का. मी पुण्यात नाटकाचे आणि नाचाचे कपडे शिवते. काही वर्षांपूर्वी एका क्लासच्या संमेलनासाठी नऊ टुटूंचं काम आलं, तेव्हापासून या कपड्याने मला धरून ठेवलंय. त्यामुळे उत्तर थोडं लांबेल.

असा अजिबात नव्हता. पॅरिसच्या ऑपेरात बायका पहिल्यांदा नाचल्या त्या १६८१ साली. तोवर बायकांची कामंही पुरुषच मुखवटे लावून करत. त्या पहिल्या नर्तकींच्या अंगावर दरबारातलाच पोशाख असायचा: जमिनीवर लोळणारा, जड कापडाचा, आणि पायात टाचेचे बूट. एवढ्या घेराखाली पाय काय करताहेत ते कुणाला दिसणार? १७२६ मध्ये मारी कामार्गो पॅरिसला आली. उडी मारून हवेतल्या हवेत पावलं एकमेकांवरून झरझर ओलांडायची, ही तिची खासियत. ती लोकांना दिसावी म्हणून तिने स्कर्ट घोट्याच्या किंचित वर घेतला. तिची समकालीन मारी साले १७३४ साली लंडनमध्ये साध्या मलमलीच्या झग्यात, मोकळ्या केसांनी नाचली. मला विचाराल तर टुटूची गोष्ट इथे सुरू होते. पुढे प्रत्येक वेळी हेच झालंय. आधी पावलं बदलली, मग त्यांच्यासाठी कापडाला वर जावं लागलं.

ज्याला आपण टुटू म्हणून ओळखू असा पहिला पोशाख १२ मार्च १८३२ रोजी पॅरिसच्या रंगमंचावर आला. बॅले होता ‘ला सिल्फीद’, नर्तकी मारी ताल्योनी. तिला वनातली एक परी व्हायचं होतं, वजनच नसलेली. अंगाला घट्ट चोळी आणि खाली पोटरीपर्यंत येणारा, घंटेसारखा फुललेला पांढरा स्कर्ट. ती चवड्यांच्या टोकावर उभी राहायची, तर ते टोक दिसायला हवंच होतं. त्याच्या जोडीला दोन गोष्टी नुकत्याच हाताशी आल्या होत्या. एक म्हणजे यंत्रावर विणलेली जाळी. इंग्लंडच्या जॉन हीथकोटने १८०९ च्या सुमारास तिचं यंत्र आणलं आणि हाताने विणावी लागणारी महागडी जाळी वारावारांनी मिळू लागली. दुसरी म्हणजे गॅसचे दिवे. त्या मंद उजेडात पांढऱ्या कापडाचे थर धुक्यासारखे दिसत. १८४१ च्या ‘जिझेल’मध्ये तर सगळ्या अतृप्त आत्म्यांना हाच पोशाख आहे. आजही हे दोन बॅले याच लांब टुटूत होतात.

पण उघड्या ज्योती आणि तरंगती मलमल एकाच मंचावर, म्हणजे काय होणार ते कळतंच. १८४४ मध्ये लंडनला क्लारा वेब्स्टर भाजून गेली. आणि मग एमा लिव्री. ही ताल्योनीची शिष्या, ताल्योनीने तिच्यासाठी स्वतः एक बॅले बसवला होता. तोवर आगीवर उपाय सापडलेलाही होता. क्षारांच्या पाण्यात बुडवून काढलेलं कापड पेट घेत नसे, आणि १८५९ मध्ये फ्रान्समध्ये ते सक्तीचंही झालं होतं. पण त्याने कापड ताठ व्हायचं, मळकट दिसायचं. लिव्रीने ते घालायला लेखी नकार दिला. १५ नोव्हेंबर १८६२ ला तालमीच्या वेळी तिने बसताना स्कर्ट चुरगळू नये म्हणून उचलून झटकला आणि तो गॅसच्या दिव्याला लागला. पेटलेल्या कपड्यांत ती मंचभर धावली. आठ महिने अंथरुणात काढून जुलै १८६३ मध्ये गेली, तेव्हा ती वीस वर्षांची होती. तिच्या जळक्या पोशाखाचे तुकडे पॅरिसच्या ऑपेराच्या संग्रहालयात ठेवले आहेत. त्यांचा फोटो मी पाहिला तेव्हा पुढ्यात जाळीचा ढीग होता. त्या दिवशी पुढे काम झालं नाही.

आखूड टुटू त्यानंतरचा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इटालियन नर्तकी रशियात आल्या, त्यांचं तंत्र फार तयारीचं होतं. पिएरीना लेन्यानीने १८९५ मध्ये सेंट पीटर्सबर्गला ‘स्वान लेक’मध्ये एका पायावर सलग ३२ गिरक्या घेतल्या, दुसरा पाय चाबकासारखा फेकत. तो पाय गुडघ्यातून कसा फिरतो हेच बघायचं असतं, मग पोटरीपर्यंतचा घेर कसा चालेल? तरी तिच्या काळच्या फोटोंत स्कर्ट गुडघ्याच्या आसपास, खाली झुकलेला दिसतो. सपाट ताट झालं ते विसाव्या शतकात, जाळीच्या थरांत तारेची कडी घालून. ‘टुटू’ हा शब्दही तसा उशिराचा, आणि फ्रेंच लहान मुलांच्या बोलीत तो ढुंगणासाठी आहे असं मानतात.

बार्बरा कारिन्स्काबद्दल मात्र मला भरभरून सांगावंसं वाटतं, कारण ती शिवणारी होती. तारेच्या टुटूची अडचण अशी की मंचावर पुष्कळ जणी असल्या की कडा एकमेकींना धडकतात आणि सगळी ताटं हेलकावतात. १९५० मध्ये न्यूयॉर्कला नृत्यदिग्दर्शक बॅलँशीनच्या ‘सिंफनी इन सी’ या बॅलेसाठी तिने तारच काढून टाकली. सहा-सात थर, प्रत्येक थर खालच्यापेक्षा जेमतेम अर्धा इंच लांब, आणि सगळे एकमेकांना ढिल्या टाक्यांनी धरलेले. पावडरच्या पफसारखा मऊ टुटू तयार झाला. चोळीच्या बाजूच्या कळ्या ती उरेब, म्हणजे तिरक्या, कापायची, म्हणजे श्वास घेताना कापड ताणलं जातं. ही युक्ती मी ब्लाउजलासुद्धा वापरते.

आता शिवण्याचं. लेहंग्याच्या आत लावतात ती कडक कॅनकॅन घ्या. रविवार पेठेत बोहरी आळीत सहज मिळेल. दहा-अकरा वर्षांच्या मुलीला दहा मीटर तरी लागते. मी पहिल्या टुटूला मऊ जाळी वापरली आणि तो ओल्या छत्रीसारखा लोंबला. सगळी उसवावी लागली. थर शिवायचे ते घट्ट चड्डीवर, खालून वर. मांडीजवळची झालर सर्वांत आखूड, दोन बोटांची, आणि कंबरेशी येईतो सर्वांत लांब. प्रत्येक पट्टीला धावदोरा घालून चुण्या ओढून घ्या. शेवटी मोठ्या सुईने सगळ्या थरांतून लांब, ढिले टाके घाला. दोरा ओढलात तर टुटू खड्ड्यासारखा आत जातो, म्हणून दर टाक्याला बोटभर सैल सोडा. मागे चेन लावू नका, हुकच लावा. ऐन वेळी चेन अडकली तर काही करता येत नाही, हुक एखादा तुटला तरी चालतं. ठेवताना उलटा टांगा, जाळी वर करून.

एक मात्र कराच. ही जाळी नायलॉनची असते, पेटली की वितळून कातडीला चिकटते. आपल्याकडे संमेलनाला दीपप्रज्वलन होतं आणि समई कार्यक्रमभर मंचाच्या कोपऱ्यात तेवत राहते. टुटूतल्या मुलींना स्वतःच्या घेराचा अंदाज नसतो. गेल्या वेळी मी विंगेत उभी होते, समई स्वतः उचलून मागच्या खोलीत नेऊन ठेवली आणि मगच पोरींना मंचावर सोडलं.