दहावीच्या इंग्रजीत सिमिली, मेटाफर यांचा गोंधळ होतो. पाठ कसं करू?

पाठ करू नकोस. मराठीच्या तासाला शिकलेले अलंकारच हे, फक्त नावं वेगळी. सिमिली म्हणजे उपमा, मेटाफर म्हणजे रूपक, पर्सॉनिफिकेशन म्हणजे चेतनगुणोक्ती. 'मांडवी नदी आरशासारखी शांत' ही उपमा. 'मांडवी म्हणजे पणजीचा आरसा' हे रूपक. इंग्रजीत 'लाइक' किंवा 'अ‍ॅज' दिसलं की आधी सिमिलीचा संशय घ्यायचा. पण 'आय लाइक फिश' म्हटलं तर ती सिमिली नव्हे, ती नुसती गोंयकाराची आवड! तुलना आहे का, ते बघ.

खरी फसगत अ‍ॅलिटरेशनमध्ये, म्हणजे तोच उच्चार पुन्हा पुन्हा येणाऱ्या अनुप्रासात, होते. मराठीत बहुधा अक्षर तोच उच्चार, त्यामुळे अनुप्रास लगेच दिसतो. इंग्रजीत तो डोळ्यांनी शोधायचा नाही, कानांनी ऐकायचा. 'सिटी' आणि 'कॅट' दोन्ही सी अक्षराने सुरू होतात, तरी अ‍ॅलिटरेशन नाही. उलट 'फोन' आणि 'फिश' यांत आहे, पहिला पी-एचने सुरू होत असला तरी. म्हणून कविता मोठ्याने वाच.

उत्प्रेक्षेला मात्र तिकडे वेगळं खातं नाही. 'जणू'वालं वाक्य, म्हणजे 'अ‍ॅज इफ', बहुतेक वेळा सिमिलीतच धरतात.

पेपरात नुसतं नाव लिहून थांबू नकोस, कशाची कशाशी तुलना केली तेही एका ओळीत लिही.