लिनक्स शंका-समाधान : बूट होताना स्क्रिप्टचे संदेश

प्रश्न : उबंटू सुरू होताना माझी एक शेल स्क्रिप्ट सर्व्हरवरचं फोल्डर जोडते आणि फाइल्स उतरवून घेते. त्यासाठी सिस्टमडीची (बूट होताना सेवा सुरू करणाऱ्या प्रोग्रामची) सर्व्हिस केली आहे. स्क्रिप्टमध्ये जागोजागी इको (संदेश छापणारी आज्ञा) टाकलंय, पण पडद्यावर नुसता लोगो दिसतो. काम कुठवर आलं ते कसं कळेल?

उत्तर : इको वाया गेलेला नाही, तो जर्नलमध्ये, म्हणजे सिस्टमडीच्या नोंदवहीत जातो. जर्नलसीटीएल -बी -यू आणि पुढे सर्व्हिसचं नाव दिलंत की या बूटचे सगळे संदेश वेळेसकट मिळतील. (आज्ञा टाइप करताना रोमन लिपीतच करा.) आधी हे पाहाच, कारण इथेही काही नसेल तर स्क्रिप्ट चाललेलीच नाही.

पडद्यावर हवं असेल तर युनिट फाइलच्या (तुमची सर्व्हिस जिथे लिहिली आहे त्या फाइलच्या) सर्व्हिस विभागात स्टँडर्डआउटपुट=जर्नल+कन्सोल लिहा आणि सिस्टमसीटीएल डीमन-रीलोड चालवा. तरीही लोगो वर असेपर्यंत ओळी त्याच्याआड राहतात. तो लोगो प्लिमथचा, म्हणजे बूट होताना चित्र दाखवणाऱ्या प्रोग्रामचा. बूट मेनूत ई दाबा, लिनक्स या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीतले क्वाएट आणि स्प्लॅश हे दोन शब्द खोडा आणि कंट्रोल-एक्सने बूट करा. हा बदल त्या एका बूटपुरताच असतो, त्यामुळे चुकलं तरी बिघडत नाही. जमलं की तेच शब्द ईटीसीमधल्या डीफॉल्ट फोल्डरातील ग्रब (बूट मेनू दाखवणारा प्रोग्राम) फाइलमधून काढा आणि अपडेट-ग्रब चालवा. ही शेवटची आज्ञा राहिली की फाइल बदलूनही लोगो तसाच येतो.

लोगो ठेवायचाच असेल तर स्क्रिप्टमधून प्लिमथ डिस्प्ले-मेसेज --टेक्स्ट= आणि पुढे अवतरणात संदेश द्या. त्याआधी प्लिमथ --पिंगने तो चालू आहे ना हे तपासा. काही थीम संदेश दाखवतच नाहीत, तेव्हा दोष स्क्रिप्टला देऊ नका.

युनिटमध्ये टाइप=वनशॉट (एकदा चालून संपणारं काम) असू द्या. बिफोर=डिस्प्ले-मॅनेजर.सर्व्हिस दिलं तर काम संपेपर्यंत लॉगिन पडदा थांबतो. मात्र वनशॉटला सुरू होण्याची कालमर्यादा मुळात नसते. सर्व्हर बंद असला की संगणक तिथेच अडकून बसेल. म्हणून टाइमआउटस्टार्टसेक=60 असं काहीतरी घालाच. आमच्या मते फाइल उतरवण्याचं काम लॉगिनच्या आड ठेवूच नये. तिथे फक्त फोल्डर जोडावं, बाकीचं मागाहून चालू द्यावं.

प्रश्न : संदेश येतात, पण सगळे शेवटी एकदम. असं का?

उत्तर : शेलचा इको लगेच बाहेर पडतो. अडवतो तो पाइपमधला (एका आज्ञेचं आउटपुट दुसरीला देणाऱ्या जोडणीतला) ग्रेप, म्हणजे ओळी गाळणारी आज्ञा. आउटपुट टर्मिनलकडे जात नसेल तर तो ओळी साठवून ठेवतो आणि साठा भरल्यावर किंवा काम संपल्यावर सोडतो. ग्रेपला --लाइन-बफर्ड हा पर्याय द्या. इतर आज्ञांआधी एसटीडीबफ -ओएल लावून पाहा, बहुतेक वेळा भागतं.

प्रश्न : व्हर्च्युअल सर्व्हरवर कर्नलचे (लिनक्सच्या गाभ्याचे) संदेश पडद्यावर दिसतात, माझ्या स्क्रिप्टचे नाहीत.

उत्तर : कर्नलच्या ओळीत (बूट मेनूतल्या त्याच लिनक्सच्या ओळीत) कन्सोल= किती वेळा आणि कोणत्या क्रमाने आलंय ते बघा. कर्नल स्वतःचे संदेश दिलेल्या सगळ्या कन्सोलवर पाठवतो, पण डेव्ह फोल्डरातील कन्सोल म्हणजे यादीतला शेवटचा. तो सीरियल पोर्ट असेल तर स्क्रिप्टचे संदेश तिकडेच जाणार. टीटीवाय0, म्हणजे पडदा, शेवटी न्या.

क्रम बदलता येत नसेल तर महत्त्वाची ओळ डेव्हमधल्या केएमएसजीकडे वळवा, म्हणजे ती कर्नलच्या संदेशांसोबत सगळीकडे जाईल. ओळीच्या सुरुवातीला टोकदार कंसात 3 लिहा; हा संदेशाच्या तातडीचा अंक, जितका कमी तितका तातडीचा. क्वाएट असताना कर्नल 4 पेक्षा कमी अंकाचेच संदेश कन्सोलवर दाखवतो, 6 लिहिलंत तर ती ओळ फक्त नोंदीत राहील.

प्रश्न : संदेश मराठीत दाखवता येतील?

उत्तर : साध्या टेक्स्ट कन्सोलवर नाही. तिथल्या फॉन्टमध्ये फार तर 512 चिन्हं मावतात आणि जोडाक्षरं, वेलांट्या जुळवण्याची सोयच नाही. तिथे रोमन लिपीतला छोटा संदेश ठेवा, जर्नलमध्ये मात्र मराठी मजकूर व्यवस्थित साठतो.