शेवटची लघवी किती वाजता झाली?

प्रश्न : चार वर्षांच्या मुलाला दोन दिवस जुलाब-उलट्या आहेत. तापासाठी आयबुप्रोफेन दिलं. सकाळपासून लघवी नाही. उद्यापर्यंत थांबू का?

उत्तर : थांबू नका, आत्ताच दाखवा. अंगातलं पाणी कमी झालं की किडनीकडे जाणारं रक्त घटतं आणि लघवी आटते. वेळेवर पाणी-क्षार मिळाले तर किडनी बहुधा सावरते. उशीर झाला तर तिच्या पेशींनाच इजा होते. आयबुप्रोफेन बंद करा. पाणी कमी पडलं तरी किडनीला रक्त पोचत राहावं म्हणून शरीर जी धडपड करतं, तीच हे औषध रोखतं. एरवी चालणारं औषध अशा वेळी घातक ठरू शकतं. तापाला पॅरासिटामॉल, तेही वजनानुसार. शेवटची लघवी किती वाजता झाली, हे लक्षात ठेवून या. किडनी बिघडली की रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ) वाढतं, पण वाढायला वेळ लागतो. म्हणून पहिला रिपोर्ट नॉर्मल असला तरी मी आईला हाच प्रश्न पुन्हा विचारते.

प्रश्न : सात वर्षांच्या मुलीच्या डोळ्यांभोवती सकाळी सूज असते, लघवी कोऱ्या चहासारखी होते. दोन आठवड्यांपूर्वी घसा दुखत होता. त्याचा संबंध असेल?

उत्तर : दाट शक्यता आहे. स्ट्रेप्टोकॉकस जंतूंचा संसर्ग घशात झाला तर 1 ते 3 आठवड्यांनी, त्वचेवर झाला तर 3 ते 6 आठवड्यांनी किडनीच्या गाळण्यांना सूज येऊ शकते. इथे ‘भरपूर पाणी पाज’ हा सल्ला ऐकू नका. पाणी आधीच अंगात साठतंय. आजच लघवी तपासा, रक्तदाब मोजून घ्या. तो फार चढला तर डोकं दुखतं, झटकेही येतात. बहुतेक मुलं पूर्ण बरी होतात.

प्रश्न : रक्ताचे जुलाब थांबले, पण मूल पांढरंफटक पडलंय, मलूल आहे.

उत्तर : जुलाब थांबले म्हणून निश्चिंत होऊ नका. काही ई. कोलाय जंतूंच्या विषामुळे, जुलाब सुरू झाल्यावर साधारण आठवड्याभरात तांबड्या पेशी फुटतात, प्लेटलेट घटतात, किडनीच्या बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. तातडीने रुग्णालय गाठा.

प्रश्न : एकदा डायलिसिस म्हणजे कायमचं का?

उत्तर : नाही. अचानक बिघडलेली किडनी सावरेपर्यंत डायलिसिस तिचं काम करतं, वाढलेल्या पोटॅशियमपासून हृदयाला वाचवतं. बऱ्याच मुलांचं पुढे बंद होतं. मात्र नंतरही रक्तदाब आणि लघवीतलं प्रथिन यांची तपासणी वर्षानुवर्षं चुकवू नका.