काकडी, द्राक्ष आणि तुझा प्रश्न

पंचवटी, नाशिक

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

नीती देवाने दिली की उत्क्रांतीने, हे एका वाक्यात सांगा, असं लिहिलंयस. एका वाक्यात ते बसत नाही. शिवाय वडिलांशी वाद घालताना माझं वाक्य त्यांच्या अंगावर फेकशील, ही भीती आहेच.

२००३ साली सारा ब्रॉस्नन आणि फ्रान्स द वाल यांनी कॅपुचिन माकडिणींवर एक प्रयोग केला. हातातला खडा परत दिला की काकडीची फोड मिळायची. तेवढ्यावर त्या खूश असत. पण शेजारणीला त्याच कामाचं द्राक्ष मिळताना दिसलं, की काकडी नकोशी होई; काही वेळा ती फेकूनही दिली जाई. (द्राक्षावरून भांडण, म्हणजे माहेर निफाडचंच असणार.) प्रयोगाच्या अर्थावरून शास्त्रज्ञांत पुढे वाद झाले. तरी अन्यायाने पोटात जे ढवळतं, ते पोथीच्या आधीचं आहे, हे मला पटतं.

पण ती भांडली स्वतःच्या द्राक्षासाठी.

विशीत मी मामांच्या बागेत हिशेब लिहायचो. विरळणीला आलेल्या दोघींना, नव्या म्हणून, मी रोज कमी लावला. कामात काडीचा फरक नव्हता. बाजाराच्या दिवशी पैसे वाटले, तेव्हा पुरा रोज मिळालेली एक माळकरी बाई परत आली. हातात अजून कात्री होती. तिने नोटा माझ्या वहीवर ठेवल्या. "यांचं पुरं करा, मग माझं द्या. देवाला काय तोंड दाखवू?"

रक्ताच्या नात्यासाठी जीव झीज का सोसतो, याचं गणित जीवशास्त्रज्ञ हॅमिल्टनने १९६४ मध्ये मांडलं. त्या दोघी तर तिच्या गावच्याही नव्हत्या.

म्हणजे देव जिंकला? थांब. काळारामाच्या दाराशी जाऊन ये. २ मार्च १९३० ला बाबासाहेब आणि दादासाहेब गायकवाडांनी तिथे दलितांच्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह सुरू केला, तेव्हा दारं बंद करून घेतली गेली. राम तोच होता. त्याच्या नावाने कुणी दार अडवलं, कुणी ते उघडा म्हणत उन्हात उभं राहिलं. सत्याग्रह पाचेक वर्षं चालला. १९३५ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, येवल्याला, बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. धम्मात देवाची जागा नीतीने घेतली आहे, असं त्यांनी पुढे लिहिलं. वडिलांशी बोलताना यावर बोल, माकडांवर नको.

आणि हो, त्या दोघींचे पैसे मी तिथल्या तिथे पुरे केले. लाजेने नाही, ऐन हंगामात बाया उठून गेल्या तर मामा काय म्हणतील, या धाकाने. लाज वाटली ती रात्री, वहीत आधीचा आकडा खोडताना.

तुझा,
सर